शाळेत ‘नको’ म्हणण्याचा सराव कसा घ्यावा : व्यसनप्रतिबंधाचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

सातवी ते नववीच्या वर्गात व्यसनप्रतिबंधाचे काम पहिल्यांदाच करणाऱ्या शिक्षकांसाठी आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी हा लेख लिहिला आहे. महाराष्ट्रातील बहुतेक शाळांत हे काम २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन किंवा २ ऑक्टोबरची गांधी जयंती यांच्या निमित्ताने होते. प्रभातफेरी निघते, पाहुण्यांचे व्याख्यान होते, सर्वजण शपथ घेतात. यामागची तळमळ खरी असते, याविषयी मला शंका नाही. मात्र संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी जगभरातील अभ्यास तपासून २०१८ साली प्रतिबंधाच्या मानकांची जी सुधारित आवृत्ती काढली, तिच्यात एकतर्फी व्याख्याने, भीती घालणारी माहिती आणि पूर्वी व्यसनी असलेल्या व्यक्तींचे अनुभवकथन यांचा मुलांच्या वागण्यावर चांगला परिणाम होत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमधून ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात जाऊन मुलांना शिकवत. तो देशभर पसरला, पालकांना आणि शाळांना फार आवडला. पण पुढे जेव्हा अनेक संशोधकांनी त्याची तपासणी केली, तेव्हा त्यातून गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांच्या व्यसनांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. त्याउलट ज्या कार्यक्रमांत मुले स्वतः बोलतात, प्रसंग करून पाहतात, नकार देण्याचा आणि निर्णय घेण्याचा सराव करतात आणि हे एका दिवसात न आटोपता आठवड्यामागून आठवडे चालते, त्यांचा परिणाम दिसून आला आहे.

याचे कारण समजण्यासारखे आहे. तंबाखू वाईट असते हे सातवीतल्या मुलाला ठाऊकच असते, कारण पुडीवर ते चित्रासह छापलेले असते. त्याला जे येत नाही ते वेगळेच असते : मित्राने पुडी पुढे केली, बाकीचे चौघे पाहत आहेत आणि उत्तर द्यायला फार तर दोन-तीन सेकंद आहेत, अशा वेळी तोंडातून कोणते शब्द काढायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. कबड्डीचे नियम तोंडपाठ असलेला मुलगा चढाईला गेल्यावर टिकतोच असे नाही. त्यासाठी मैदानावर घाम गाळावा लागतो. या कामाचा गाभा म्हणजे असा सराव. पुढील सर्व पायऱ्या त्याच्याभोवती रचलेल्या आहेत.

पहिली पायरी : आपल्या परिसरात नेमके काय आहे ते पाहा

वर्गात जाण्यापूर्वी एक-दोन आठवडे केवळ पाहण्यासाठी ठेवा. विदर्भात खर्रा असतो, पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मावा (दोन्ही तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेले), घराघरांत दात घासण्याच्या निमित्ताने मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड असते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो हे मुलांना माहीत असते, म्हणून तो नाहीच असे गृहीत धरून बोलू नका. शहरांत वेप, हुक्का आणि काही ठिकाणी एमडी नावाने ओळखले जाणारे मेफेड्रोन यांची भर पडते. काही भागांत झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या नशेसाठी वापरल्या जातात. रेल्वे स्थानके, बाजारपेठा आणि कामगारवस्त्यांच्या आसपास पंक्चर काढण्याचे सोल्युशन आणि व्हाइटनर हुंगणारी मुले असतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याचे पदार्थ हाच एकमेव प्रकार असा निघाला की, ज्याचा वापर प्रौढांपेक्षा मुलांमध्ये अधिक प्रमाणात होतो. तरीही शाळांच्या कार्यक्रमांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

ही पाहणी आपल्या माहितीसाठी आहे. वर्गात सर्व पदार्थांची यादी वाचून दाखवायची नाही. ज्या गावातील सातवीच्या मुलांनी एमडीचे नावही ऐकलेले नाही, तेथे त्याची ओळख करून देण्याचे काहीच प्रयोजन नाही; तेथे मावा आणि सुपारी यांच्यावर नीट काम झाले, तरी पुष्कळ झाले. शाळेभोवती एक फेरी मारा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि १८ वर्षांखालील कोणालाही ते कोठेही विकता येत नाहीत. अशी टपरी आढळल्यास तक्रार मुख्याध्यापकांनी किंवा शाळा व्यवस्थापन समितीने लेखी करावी. मुलांना घोषणा देत टपरीवर नेण्याचा मोह टाळा. तो टपरीवाला त्यांच्याच गल्लीत राहत असतो आणि त्या भांडणाची झळ नंतर मुलांनाच लागते.

वयाविषयी एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या, कारण ‘एवढ्या लहान मुलांना कशाला सांगता’ असा प्रश्न स्टाफरूममध्ये हमखास येतो. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील चौथ्या फेरीनुसार १३ ते १५ वर्षे वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करत होते. आणि ज्यांनी कधी ना कधी सेवन केले होते, त्यांच्यापैकी सिगारेट ओढणाऱ्या ३८ टक्के, बिडी ओढणाऱ्या ४७ टक्के आणि तंबाखू खाणाऱ्या ५२ टक्के मुलांनी सुरुवात दहावा वाढदिवस येण्यापूर्वीच केलेली होती. त्यामुळे सातवी हे वय लवकरचे मुळीच नाही.

दुसरी पायरी : तासिका मागून घ्या आणि वर्गाचे नियम ठरवा

मुख्याध्यापकांकडे एक दिवस मागू नका, आठवड्याला एक याप्रमाणे आठ ते दहा तासिका मागा. कार्यानुभव, शारीरिक शिक्षण किंवा मूल्यशिक्षणाच्या वेळेत त्या बसवता येतात. वर्गात पन्नास-साठ मुले असतील, तर पाच-सहा जणांचे गट करा आणि गट शक्यतो बदलू नका, कारण मोकळेपणा यायला तीच माणसे पुन्हा पुन्हा समोर असावी लागतात. बाके भिंतीला लावून मुलांना जमिनीवर गोलात बसवता आले, तर उत्तम.

नियम थोडेच ठेवा. बोलताना वर्गातल्या, गावातल्या किंवा घरातल्या कोणाचेही नाव घ्यायचे नाही. ‘माझ्या ओळखीचा एक जण’ एवढेच म्हणायचे. ज्याला बोलायचे नसेल, त्याला ‘पुढे’ म्हणून आपली पाळी सोडता येईल. कोणाच्याही उत्तराला हसायचे नाही. चौथा नियम तुमच्यासाठी आहे आणि तो पहिल्याच दिवशी मुलांना सांगायचा आहे : ‘तुम्ही मला जे सांगाल ते मी इतरांना सांगणार नाही, मात्र तुमच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असे मला वाटले, तर मदत मिळवून देण्यासाठी मला योग्य माणसाशी बोलावे लागेल, आणि तसे करण्यापूर्वी मी तुम्हाला सांगेन.’ संपूर्ण गुप्ततेचे वचन देऊन नंतर ते मोडण्यापेक्षा ही मर्यादा आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

तिसरी पायरी : ‘सगळेच खातात’ हा समज तपासा

पहिल्या खऱ्या तासिकेत प्रत्येकाला दोन कोऱ्या चिठ्ठ्या द्या. एका चिठ्ठीवर ‘आपल्या वयाच्या दहा मुलांपैकी किती जणांनी गेल्या महिन्यात तंबाखू, मावा, सिगारेट यांपैकी काही घेतले असेल’ याचा अंदाज लिहायला सांगा. दुसरीवर नाव न घालता ‘मी घेतले’ किंवा ‘मी घेतले नाही’ एवढेच लिहायचे. चिठ्ठ्या डब्यात गोळा करा, पण वर्गात उघडू नका. घरी नेऊन मोजा. बहुतेक ठिकाणी अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा निघतो, आणि तसा निघाला तर पुढच्या तासिकेत दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. आपण एकटेच मागे राहिलो आहोत असे वाटणाऱ्या मुलाला तो फरक पाहून मोठा धीर येतो. तुमच्या वर्गातला प्रत्यक्ष आकडाच मोठा निघाला, तर मात्र तो जाहीर करू नका. तेव्हा देशपातळीवरचा दहात एकाहूनही कमी असा आकडा सांगा आणि आपल्या वर्गाला प्रतिबंधाबरोबर उपचाराचीही गरज आहे, ही नोंद मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचवा.

चौथी पायरी : शरीराची माहिती, पण एकाच तासिकेपुरती

कुजलेल्या जबड्यांची मोठी चित्रे दाखवू नका. तेरा वर्षांच्या मुलाला चाळिसाव्या वर्षीचा कर्करोग दूरचा वाटतो, आणि ज्याच्या घरी कोणी तंबाखू खात असते, तो ते चित्र पाहून वडिलांच्या किंवा आजीच्या काळजीने रात्री झोपत नाही. जवळचे परिणाम सांगा : धावताना लवकर लागणारा दम, तोंडाचा वास, तिखट खाताना होणारी आग, चिडचिड, आणि पैसे. रोज २० रुपयांचा खर्रा धरला, तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात. हा गुणाकार मुलांनाच करू द्या आणि त्या पैशांत काय येईल तेही त्यांनाच सांगू द्या.

सुपारीचा मुद्दा मात्र आवर्जून घ्या, कारण ‘यात तंबाखू नाही’ असे सांगून मुलांना पहिली पुडी दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना सुपारीलाही माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत धरले आहे, आणि सुपारी चघळण्याने तोंडाच्या आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे घरी आरशासमोर पाहायला सांगा. वर्गात हे करून घेऊ नका, कारण ज्याचे तोंड उघडत नाही, तो सर्वांसमोर उघडा पडतो. बोटे जात नसतील, तर दंतवैद्याकडे लवकर जावे, असे सर्वांना मिळून सांगा.

पाचवी पायरी : नकाराचा सराव

आठपैकी निदान तीन-चार तासिका यासाठी राखून ठेवा. इतर काही कापावे लागले तरी चालेल, पण हा भाग कापू नका.

आधी दबावाची वाक्ये गोळा करा. गटांना विचारा की, मुले एकमेकांना काय म्हणून आग्रह करतात. पाच मिनिटांत फळा भरतो : ‘एकदा घेऊन तर बघ, मरत नाहीस.’ ‘आईचा लाडका आहेस का रे?’ ‘मर्द आहेस ना?’ ‘आमच्यात बसायचं असेल तर घ्यावी लागेल.’ ‘अरे, ही फक्त गोड सुपारी आहे.’ ‘पेपर पाठ होतात याने, रात्रभर झोप येत नाही.’ मग प्रत्येक वाक्यापुढे त्यात नेमका कशाचा धाक किंवा कशाचे आमिष आहे, हे मुलांकडूनच लिहून घ्या. एकटे पडण्याची भीती, मर्दानगीचा टोमणा, खोटी माहिती, मोठे झाल्याचे आमिष, असे चार-पाच प्रकार पुन्हा पुन्हा येतात. असे एकदा ओळखता आले की, प्रत्यक्ष प्रसंगात ते वाक्य तेवढे बोचत नाही.

नंतर नकाराच्या पद्धती शिकवा. सर्वात सोपी पद्धत म्हणजे सरळ, लहान आणि शांत ‘नको’. ‘नको, मला नकोच आहे.’ येथे आवाज, नजर आणि उभे राहणे यांकडे लक्ष द्या. मान खाली घालून, हसत हसत, पाय घासत म्हटलेला नकार समोरच्याला होकार वाटतो. दुसरी पद्धत तेच वाक्य न चिडता पुन्हा पुन्हा म्हणण्याची आहे. समोरचा नवे मुद्दे काढत राहिला, तरी आपण नवा मुद्दा काढायचा नाही. तिसरी पद्धत स्वतःचे कारण सांगण्याची : ‘उद्या मॅच आहे, मला दम लागतो.’ कारण निवडताना एक काळजी घ्यावी लागते. ‘घरी मारतील’ हे कारण मुले सर्रास देतात, पण त्याला ‘घरी सांगतंय कोण?’ असे उत्तर तयार असते आणि तेथे मुलाचे बोलणे खुंटते. ‘मला आवडत नाही’ या कारणावर कोणालाच वाद घालता येत नाही. चौथी पद्धत विषय किंवा जागा बदलण्याची : ‘चल, मैदानावर जाऊ, इथं काय बसलोय?’ पाचवी म्हणजे सरळ निघून जाणे. निघताना म्हणायचे वाक्य आधीपासून तयार असावे : ‘मी निघतो, क्लासला उशीर होतोय.’ आणि या सर्वांच्या आधी येणारी पद्धत म्हणजे तो प्रसंगच टाळणे. शाळा सुटल्यावर ज्या पडक्या खोलीमागे किंवा तळ्याच्या कडेला ही मंडळी बसतात, त्या वाटेने जायचे नाही, हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, आणि त्यात भित्रेपणा नाही, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा.

प्रत्यक्ष सराव घेताना नवख्या माणसाने एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी : आग्रह करणाऱ्याची भूमिका मुलांना करायला देऊ नका. ती तुम्ही करा किंवा आग्रहाचे वाक्य कार्डावर लिहून ते सपाट आवाजात वाचायला सांगा. वर्गातला चुणचुणीत मुलगा ही भूमिका इतकी रंगवतो की, सगळे त्याच्याकडे पाहून हसतात, टाळ्या त्याला मिळतात आणि जो नकार देत असतो तो बावळट ठरतो. शिवाय त्या मुलाचा सराव आग्रह करण्याचा होतो, जो आपल्याला नको आहे.

जोड्या करा आणि तीन फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीत समोर ओळख नसलेला मुलगा आहे, दुसरीत जिवलग मित्र, तिसरीत अनेक जण एकत्र आहेत. प्रसंग मुलांच्या आयुष्यातले असावेत : गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या मागे, दहीहंडीच्या सरावानंतर, लग्नाच्या वरातीत, धुळवडीला, गावच्या यात्रेत, सहलीच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर. प्रत्येक जोडीनंतर बाकीच्यांनी दोनच गोष्टी सांगायच्या, काय चांगले जमले आणि आणखी काय करून पाहता येईल. बुजऱ्या मुलांना आधी वाक्य लिहू द्या, मग शेजाऱ्याला वाचून दाखवू द्या, आणि उभे राहून बोलणे त्यानंतर. प्रत्येक मुलाच्या तोंडून किमान तीन वेळा नकार निघेपर्यंत पुढे जाऊ नका. पाच हुशार मुलांचा प्रयोग पंचेचाळीस जणांनी पाहणे म्हणजे सराव नव्हे.

मोठ्यांना नकार देण्याचा प्रसंग वेगळा आणि अवघड असतो. आपल्याकडे पहिली पुडी मूल बहुधा स्वतःसाठी आणत नाही, मामा किंवा काका ‘जा रे, दोन पुड्या घेऊन ये’ म्हणून पाठवतात, आणि मोठ्यांचा शब्द मोडणे हा आपल्या घरांत उद्धटपणा समजला जातो. येथे कायदा मुलाच्या उपयोगी पडतो. ‘मामा, अठराच्या आतल्यांना दुकानदार देत नाहीत, तसा कायदाच आहे. मी तुम्हाला पाणी आणून देऊ का?’ या वाक्यात आदरही राहतो आणि नकारही राहतो. मामा रागावले, तर वाद घालायचा नाही, आई किंवा आजी यांच्याजवळ जाऊन बसायचे. मामांना सुधारणे ही मुलाची जबाबदारी नाही. म्हणूनच मुलांना वडिलांच्या नावे ‘दारू सोडा’ अशी पत्रे लिहायला लावून ती घरी द्यायला सांगणारे उपक्रम मला धोक्याचे वाटतात. ज्या घरात दारूवरून मारहाण होते, त्या घरात त्या पत्राची शिक्षा मुलाला आणि त्याच्या आईला भोगावी लागू शकते, आणि आपण ते पाहायला तेथे नसतो.

याच पद्धती इतर धोक्यांनाही लागू पडतात, म्हणून एक तासिका त्यांना द्या. मित्र दारू पिऊन गाडी चालवणार आहे आणि मागे दोघांना बसवतो आहे. ‘तुम्ही व्हा पुढे, मी एसटीने येतो’ हे वाक्य तेव्हा तोंडात असले पाहिजे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाडी चालवण्याचा खेळ खेळताना किशोरवयीन मुलांनी एकटे असताना घेतला त्याहून कितीतरी जास्त धोका मित्र पाहत असताना घेतला, तर प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा असा परिणाम झाला नाही. मुलांना हा प्रयोग सांगा, त्यांना तो आपलाच वाटतो. मुलींच्या गटात ‘प्रेम असेल तर फोटो पाठव’ या आग्रहाचा प्रसंग जरूर घ्या, शक्यतो शिक्षिकेने घ्यावा, आणि मुलांच्या गटात असा फोटो मागणे व पुढे पाठवणे हा गुन्हा असल्याचे सांगावे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. तरीही मोठ्या भावाच्या खात्यावरून खेळू देण्याचा आग्रह होत असतो, तेव्हा त्याचेही एक कार्ड असू द्या.

सहावी पायरी : नकारामागचे मन

काही मुले दबावाने पदार्थ घेत नाहीत. घरातली भांडणे, परीक्षेतले अपयश, एकटेपणा किंवा नुसता कंटाळा यांपासून सुटका म्हणून ती घेतात, आणि त्यांना नकाराची वाक्ये पुरेशी पडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांपैकी भावनांचे आणि ताणाचे समायोजन या दोन कौशल्यांचे काम येथे आहे. राग किंवा भीती शरीरात कोठे जाणवते ते ओळखणे, श्वास सावकाश सोडणे, निर्णय उद्यावर टाकणे, एवढे शिकवता येते. त्याहून उपयोगी म्हणजे प्रत्येकाने वहीच्या शेवटच्या पानावर अशा तीन माणसांची नावे लिहावीत, ज्यांच्याशी तो रात्री उशिराही बोलू शकतो, आणि त्यांपैकी एक तरी मोठे माणूस असावे. ज्याला एकही नाव सुचत नाही, त्या मुलाकडे तुमचे लक्ष असू द्या.

शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंतचा वेळ सर्वात रिकामा असतो. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारूची नशा केलेली होती. २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यामागे खेळ, संगीत आणि कलेचे वर्ग सर्वांना उपलब्ध करून देणे आणि पालकांनी मुलांबरोबर अधिक वेळ घालवणे ही मोठी कारणे होती. एवढा पैसा आपल्या गावाकडे नसतो, पण शाळेचे मैदान संध्याकाळी सहापर्यंत उघडे ठेवणे आणि लेझीम, ढोल-ताशा किंवा खो-खोचा एखादा संघ उभा करणे शक्य असते.

सातवी पायरी : मूल येऊन सांगते तेव्हा

तासिका नीट चालल्या, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखादे मूल व्हरांड्यात थांबते आणि ‘सर, माझा एक मित्र आहे…’ असे म्हणते. त्या मित्राचे नाव विचारू नका. ऐका, आणि ‘सांगितलंस हे चांगलं केलंस’ एवढे नक्की म्हणा. उपदेश, धक्का बसल्याचा चेहरा आणि ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्य, तिन्ही टाळा. किती दिवसांपासून, कोणाबरोबर, पैसे कोठून येतात आणि सोडायचे आहे का, हे हळूहळू कळते. दप्तरे तपासणे, परिपाठात उभे करणे, दाखला हातात ठेवणे यांमुळे मूल शाळेबाहेर पडते आणि शाळेबाहेर पडलेल्या मुलाला ते पदार्थ देणारी माणसे अधिक सहज भेटतात. पालकांना सांगायचे असेल, तर मुलाला आधी कल्पना द्या आणि शक्य असल्यास त्याच्यासमोर सांगा.

मदतीचे मार्ग आधीच वहीत लिहून ठेवा. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, बालकांसाठी १०९८ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे क्रमांक आहेत. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आणि मानसोपचार विभाग असतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करते आहे. मूल झोपेच्या गोळ्या रोज घेत असेल किंवा भरपूर दारू पीत असेल, तर ‘आजपासून बंद’ असे परस्पर सांगू नका, कारण एकदम थांबवल्याने झटके येऊ शकतात, आधी डॉक्टर. सोल्युशन किंवा व्हाइटनर नुकतेच हुंगलेले मूल दिसले, तर त्याच्यावर ओरडू नका आणि त्याच्यामागे धावू नका. अशा वेळी भीतीने किंवा धावण्याने हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. त्याला शांतपणे मोकळ्या हवेत बसवा, जवळ थांबा, शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

मुलांना पदार्थ पुरवणारा कोणी प्रौढ असल्याचे कळले, तर तो शाळेने आपसात मिटवण्याचा विषय नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुलाला मादक पदार्थ, दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बोलण्यातून लैंगिक अत्याचार समोर आला, तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. दोन्ही बाबतींत मुख्याध्यापकांना बरोबर घ्या, पण त्यांनी ‘राहू द्या’ म्हटले म्हणून थांबू नका.

आठवी पायरी : पालकांची एक सभा

सभा संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशी ठेवा, म्हणजे मजुरीवर जाणारे आई-वडीलही येतील. त्यांना तीन गोष्टी सांगा : मुलांना तंबाखू आणायला पाठवू नका, आपण खात असाल तर निदान मुलांसमोर खाऊ नका, आणि संध्याकाळी मूल कोठे आणि कोणाबरोबर असते याची रागावून नव्हे, तर सहज चौकशी ठेवा. मिश्री लावणाऱ्या आई-आजींना सभेत लाजवू नका. सोडायची इच्छा असणाऱ्यांना तंबाखू सोडण्याचा क्रमांक नंतर वेगळा द्या.

नववी पायरी : नोंद आणि पुढचे वर्ष

शेवटच्या तासिकेत सरावाच्या पहिल्या आठवड्यातली कार्डे पुन्हा काढा आणि त्याच जोड्यांना तेच प्रसंग करायला द्या. कोणाचा आवाज आता स्थिर आहे, कोण अजून हसत नकार देतो, कोणाला मोठ्यांसमोर शब्द सापडत नाहीत, हे वहीत नावांऐवजी खुणांनी लिहा. चिठ्ठ्यांची मोजणी पुन्हा घ्या, पण दोन महिन्यांत आकडा उतरला नाही म्हणून निराश होऊ नका. या वयात आकडा न वाढणे हेदेखील काम झाल्याचे लक्षण असते. हे कौशल्य वापराविना झिजते, त्यामुळे पुढच्या दोन्ही वर्षांत याच मुलांसाठी दोन-तीन उजळणीच्या तासिका आताच वेळापत्रकात मागून ठेवा, आणि त्यांत नवे प्रसंग घाला, कारण नववीतल्या मुलाला होणारा आग्रह सातवीतल्यासारखा नसतो. तुमची बदली होणार असेल, तर कार्डे, मदतीचे क्रमांक आणि खुणांची ती वही पुढच्या शिक्षकाच्या हातात द्या आणि कोणत्या गटाला आणखी सराव हवा आहे, ते त्यांना समक्ष बसून सांगा.